पार्श्वभूमी : विजेवरचं छोटं विमान नवशिक्यापर्यंत कसं पोचलं

पहिलं आरसी (रेडिओवर चालवायचं) विमान कोणतं घेऊ, असं आज कुणालाही विचारा, उत्तर जवळपास ठरलेलं असतं. पंख धडाच्या वर बसवलेला हवा, पंखाची टोकं जरा वर उचललेली हवीत, अंग फोमचं, पंखा (प्रोपेलर) मागे असेल तर फारच छान, आणि तीन चॅनेल, म्हणजे रेडिओवरून तीन गोष्टी वेगवेगळ्या हलवता येणं, पुरेत. सोबत २.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर, ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) मोटर आणि लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. हे सगळं एकाच खोक्यात मिळत असल्यामुळे एकाच वेळी, एकाच डोक्यातून निघालं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या खोक्यातला विमानाचा आकार दीडशे वर्षांचा आहे, सर्वो (विमानाचे हलते भाग वळवणारी छोटी मोटर) साठ वर्षांचा आणि बॅटरी जेमतेम वीस-पंचवीस वर्षांची. या तिघांत उशिरा आली ती बॅटरी. बाकीचे दोघे तिची वाट बघत ताटकळले होते.

आधी आकाराचं बघू. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने जाणकार मंडळींसमोर हातभर लांबीचं एक विमान सोडलं. पिळलेलं रबर उलगडत जायचं आणि पंखा फिरायचा. विमान ११ सेकंद हवेत राहिलं आणि त्याला कुणीही चालवत नव्हतं. पंखाची टोकं वर वळवलेली, शेपटीचा आडवा पंख किंचित खालच्या कोनात लावलेला, आणि पंखा चक्क मागे. आजच्या कुठल्याही फोमच्या शिकाऊ विमानाशेजारी त्याचं चित्र ठेवलं तर नातं लगेच कळतं.

शेपटीचा तो कोन म्हणजे पेनोची खरी करामत. विमानाचं नाक खाली गेलं की वेग वाढतो. वेग वाढला की शेपटीवर खालच्या दिशेने पडणारा दाब वाढतो आणि नाक आपोआप वर येतं. वेग कमी झाला की उलटं. टोकं उचललेल्या पंखाचंही तसंच: विमान एका बाजूला कललं की खालच्या बाजूला घसरू लागतं, आणि खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळून ते पुन्हा सरळ होतं. म्हणजे चालवणारा नसताना विमान हवेत कसं टिकेल, हा प्रश्न रेडिओ येण्याच्या कितीतरी आधी सुटला होता. नवशिक्याला 'काही सुचेनासं झालं तर स्टिक (ट्रान्समीटरची दांडी) सोडून दे' असं सांगतात ते याच भरवशावर. पुरेशी उंची असेल तर विमान स्वतःला सावरतं. बहुतेक वेळा बिघडवत आपणच असतो.

रेडिओने चालणारी वस्तू लोकांसमोर पहिल्यांदा आणली निकोला टेस्लाने, १८९८ मध्ये न्यूयॉर्कला, पण ती होती छोटी बोट. बोटीला वजनाची फिकीर नसते. विमानात बसेल इतका हलका रिसीव्हर (सिग्नल पकडणारा भाग) बनायला १९३० चं दशक उजाडलं. अमेरिकेत १९३७ साली डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओ विमानांचा वेगळा गट झाला. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं 'गफ' हे त्या काळातलं गाजलेलं विमान. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पेट्रोलचं इंजिन, व्हॅक्यूम ट्यूबचा रिसीव्हर आणि वर त्याच्या जड बॅटऱ्या. एवढं सगळं उचलायचं तर अडीच मीटरच्या आसपासचा पंख लागायचा. आज तळहातावर मावणाऱ्या विमानाचा हा पूर्वज दाराच्या चौकटीतून आडवा निघाला नसता.

त्या विमानांमध्ये 'चालवणं' म्हणजे काय होतं, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. पुढे बरीच वर्षं छंदवाल्यांकडे एकच चॅनेल असे, आणि त्यावर एस्केपमेंट नावाची युक्ती चाले. धडाच्या आत लांबच लांब रबर पिळून ठेवायचं. ते चाकाला सारखं फिरवू बघतं, पण एक खिट्टी चाक अडवून धरते. ट्रान्समीटरचं बटण दाबलं की विद्युतचुंबक खिट्टी ओढतो, चाक पाव फेरा फिरतं आणि रडर (शेपटीचं उभं सुकाणू) उजवीकडे जातो. बटण सोडलं की आणखी पाव फेरा, रडर मधोमध. पुन्हा दाबलं की डावीकडे. म्हणजे मागच्या वेळी कुठे वळलो होतो हे डोक्यात ठेवायचं. एकदा गफलत झाली की डावीकडे जायचं विमान उजवीकडे निघालं. वळण एकतर पूर्ण, नाहीतर नाही. थोडंसं वळण हवं असेल तर बटण टिचक्यांसारखं दाबत राहायचं. आणि उड्डाणाच्या मध्येच रबराचा पीळ संपला तर विमान आपल्या मर्जीने क्षितिजाकडे चालू लागे आणि मालक त्याच्या मागे शेतातून पळत सुटे.

अशा परिस्थितीत विमान स्वतः उडणारंच असावं लागे. आपण फक्त अधूनमधून त्याला कोपरखळी मारायची. आज तीन चॅनेलच्या विमानाला एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या हलत्या पट्ट्या) नसतात, तरी ते छान वळतं, ते याच काळाचं देणं. रडर दिला की विमान आडवं सरकतं, पुढे आलेल्या उचललेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान वळणात कलतं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डिजिटल प्रपोर्शनल रेडिओ आले आणि स्टिक जितकी हलवू तितकाच सर्वो हलू लागला. त्याची भाषा फार साधी आहे. सेकंदाला सुमारे ५० वेळा एक छोटा विद्युत स्पंद येतो. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्वो मध्यभागी, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या. इलेक्ट्रिक विमानातला स्पीड कंट्रोलरही (मोटरचा वेग ठरवणारा भाग) हीच भाषा बोलतो: एक म्हणजे मोटर बंद, दोन म्हणजे पूर्ण जोर. म्हणूनच आज खोक्यातून काढलेल्या स्पीड कंट्रोलरची तीन तारांची वायर रिसीव्हरमध्ये सर्वोसारखीच खोचता येते. साठ वर्षांपूर्वीचा करार अजून पाळला जातोय, आणि या क्षेत्रात इतकं टिकलेलं दुसरं काही चटकन आठवत नाही.

आता बॅटरी. वीज आणि उड्डाण यांची ओळख जुनीच. १८८४ मध्ये रेनार आणि क्रेब्स यांचं 'ला फ्रान्स' हे हवाई जहाज विजेच्या मोटरवर आठेक किलोमीटर फिरून निघाल्या जागी परत उतरलं होतं. पण त्या जहाजाला हवेत ठेवायला पोटात वायू होता. विमानाला उचल स्वतःच्या वेगातून मिळवावी लागते, आणि तिथे बॅटरीचं वजन नडतं. विजेवरच्या रेडिओ विमानाचं पहिलं नोंदलेलं उड्डाण ब्रिटनमध्ये कर्नल टॅप्लिन यांच्या 'रेडिओ क्वीन'ने ३० जून १९५७ रोजी केलं. बॅटरी चांदी-जस्ताची. वजनाच्या मानाने तिच्यात दम होता, पण महाग, आणि मोजक्या चार्जमध्ये संपणारी. प्रात्यक्षिकाला ठीक, रविवारच्या छंदाला नाही.

हा छंद व्हावा म्हणून चिकाटीने झगडलेला माणूस म्हणजे फ्रेड मिलिट्की. जर्मनीतल्या ग्राउप्नर या मॉडेल कंपनीत काम करताना त्याने आधी रेडिओशिवाय उडणारं छोटं इलेक्ट्रिक विमान बाजारात आणलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निकेल-कॅडमियम सेलवर रेडिओचं. त्याच सेलवर त्याने माणूसही उडवला: २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात 'एमबी-ई१' हे विमान हाइनो ब्रदिच्का या वैमानिकाला घेऊन दहाएक मिनिटं उडालं. नावातला 'एम' मिलिट्कीचा. माणसाला घेऊन फक्त विजेच्या मोटरवर हवेत गेलेलं हे पहिलं विमान, आणि त्यामागचा माणूस खेळण्यातल्या विमानांचा, ही गोष्ट मला फार आवडते. पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९७४ ला, अमेरिकेत बूशर बंधूंच्या अ‍ॅस्ट्रो फ्लाइटने निव्वळ सौर ऊर्जेवरचं मानवरहित विमान उडवलं.

तरीही पुढची पंचवीस वर्षं मैदानावर इलेक्ट्रिकवाला म्हणजे थोडा थट्टेचाच विषय. कारण आकड्यांत दिसतं. त्या काळातला नेहमीचा सात सेलचा निकेल-कॅडमियम पॅक ८.४ व्होल्ट, १,७०० मिलिअँपिअर-तासांचा. वजन ३८० ग्रॅमच्या आसपास, साठवण सुमारे १४ वॉट-तास. आजचा तीन सेलचा २,२०० चा लिपो १९० ग्रॅमच्या जवळपास आणि साठवण २४ वॉट-तास. निम्म्या वजनात पावणेदोन पट ऊर्जा. त्यात तेव्हाच्या स्वस्त ब्रशवाल्या मोटरी निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत घालवायच्या. म्हणून मिनिटभर मोटर चालवून उंची गाठायची आणि बंद करून तरंगत बसायचं, अशी ग्लायडरची तऱ्हा रूढ झाली. मिटणारा प्रोपेलर तिथलाच. माझी सुरुवात अशाच एका ग्लायडरवर झाली. हातातून फेकल्यावर ते आधी गवताला शिवायचं आणि मग नाइलाजाने वर जायचं.

कोंडी फुटली ती बाहेरून. मोबाइल फोन आणि लॅपटॉपसाठी लिथियमचे हलके सेल बनू लागले, आणि २००० नंतरच्या दोन-चार वर्षांत लिपो छंदवाल्यांच्या हाती आले. मोटरची गोष्ट याहून गमतीची. ब्रशलेस मोटरी होत्या, पण महाग. मग हौशी लोकांनी टाकून दिलेले सीडी ड्राइव्ह उघडले, आतल्या छोट्या मोटरची तार काढून जाड तार गुंडाळली, साधे चुंबक उपटून निओडिमियमचे चिकटवले. बाहेरचं टोपण फिरतं आणि वेटोळी आत स्थिर, त्यामुळे गिअरशिवायच मोठा पंखा फिरवण्याइतका जोर मिळाला. आज शिकाऊ विमानात सर्रास बसणारी 'आउटरनर' मोटर अशी हौशी लोकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलांवरून कारखान्यात गेली.

लिपोने सोबत स्वतःचे नियमही आणले. निकेल-कॅडमियम सेल पार रिकामा केलेला चाले. लिपोचा सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो, ४.२ च्या वर चार्ज केला तर पेट घेऊ शकतो. चार्जरजवळ बसून राहा, ठेवताना सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, ही आजची शिस्त तिथून आली.

रेडिओत शेवटचा मोठा बदल २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झने झाला. त्याआधी प्रत्येकाच्या सेटमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असे. मैदानावर एक फळी, तिच्यावर नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे. आपल्या नंबरचा चिमटा अँटेनाला लावल्याशिवाय सेट चालू करायचा नाही. कुणी विसरून चालू केला की त्याच नंबरवर उडणारं दुसऱ्याचं विमान सरळ जमिनीत. ट्रान्समीटर आधी चालू, शेवटी बंद, हा नियमही तेव्हाचा: सिग्नल नसताना रिसीव्हर हवेतल्या गोंगाटालाच आज्ञा समजे आणि मोटर हातात फिरू लागे. आताचे रिसीव्हर फक्त आपल्या जोडीदार ट्रान्समीटरचंच ऐकतात. तरी नियम मोडू नका, पंख्याला बोटांची ओळख नसते.

हल्ली तर बटण दाबलं की जायरो (विमानाचा कल ओळखणारा भाग) विमान सरळ करून देतो. एक अडचण मात्र गुड बंधूंच्या काळी होती तशीच आहे: विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि शिकाऊ विमानं सर्वाधिक पडतात ती इथेच. त्यावरचा तोडगाही जुनाच. उलटसुलट विचार करत बसायचं नाही. जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू खालून टेकू लावतोय.