पंगतीनंतर वाढलेला किलो

तीन आठवडे कमी कर्बोदकांचं पथ्य, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ कमी: भात बंद, चहा बिनसाखरेचा, भाकर अर्धी. वजन साडेतीन किलोंनी उतरलेलं. मग गावात कुणाच्या तरी नवसाचे रोडगे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, निघतात. पानात चार रोडगे, वरून तूप, वांग्याची भाजी, वरण, शेवटी बुंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा सव्वा किलो जास्त दाखवतो. "एका जेवणात गेलं सगळं. कायले जीव मारून राह्यले?" असं घरचं माणूस मायेनंच म्हणतं आणि संध्याकाळी ताटात पुन्हा भात येतो.

त्या सव्वा किलोत चरबी जवळजवळ नसतेच. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. चार रोडगे, तूप, बुंदी मिळून दोन हजारांच्या आसपास भरतात. मग वजन वाढलं कशाचं? मुख्यतः पाण्याचं. हे पाणी कुठे बसतं ते पथ्य करणाऱ्याइतकंच त्याच्या घरच्यांनाही माहीत असायला हवं.

भाकरीतल्या पिठूळ पदार्थाचं ग्लुकोज होतं, हे शाळेत शिकलेलं असतं. लगेच न लागणारं ग्लुकोज शरीर ग्लायकोजेन म्हणून ठेवून देतं: यकृतात सुमारे १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम. सुटं का ठेवत नाही? कारण परासरण. पेशीत किती पाणी ओढलं जाईल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, त्यांच्या आकारावर नाही. एवढं ग्लुकोज सुटं राहिलं तर पेशी फुगून फुटेल. म्हणून ग्लायकोजेनिन नावाच्या प्रथिनाभोवती ग्लुकोजची साखळी विणली जाते. काही कड्यांनंतर तिला फाटा फुटतो, त्या फाट्याला पुन्हा फाटा. पूर्ण वाढलेल्या एका गोळ्यात ५० हजारांच्या आसपास ग्लुकोज मावतात आणि परासरणाच्या हिशेबात तो फक्त एक कण असतो. फाटे जास्त म्हणजे टोकं जास्त. विकरं (एन्झाइम) टोकांपासूनच ग्लुकोज तोडत येतात, त्यामुळे गरज पडली की साठा भराभर मोकळा होतो. इतकी सुबक रचना शरीरात फार थोडी आहे.

तरीही ग्लुकोजवरचे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, पाण्याला धरून ठेवतातच. १ ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी राहतं. पथ्यात साठा खाली झालेला असतो, स्नायू ग्लुकोजला आसुसलेले असतात. पंगतीतल्या पावणेतीनशे ग्रॅम कर्बोदकांपैकी २५० ग्रॅम साठ्यात गेली, तर त्यांच्यासोबत ७५० ग्रॅम पाणी आलं. झाला एक किलो. उरलेला पाव किलो मिठाने धरलेल्या पाण्याचा आणि आतड्यात असलेल्या अन्नाचा.

हाच हिशेब उलटाही लागू पडतो. पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेल्या दोन किलोंतही मोठा वाटा पाण्याचाच असतो. 'सात दिवसांत पाच किलो' अशी जाहिरात करून पावडरीचे डबे विकणारे हेच पाणी चरबीच्या भावानं विकतात. विजयसार लाकडाच्या पेल्यातलं पाणी पिऊन शुगरच्या गोळ्या बंद करणं तर सरळ जिवाशी खेळ आहे.

पाण्याला दुसरीही वाट आहे. इन्सुलिन मूत्रपिंडाला सोडियम राखून ठेवायला सांगतं. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं, सोडियम लघवीवाटे जातं आणि त्याच्यामागे पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं, उठताना अंधारी येते, पोटऱ्यांत गोळे येतात. घरचे म्हणतात, अशक्तपणा आला, भात खा. भात खाल्ला की बरं वाटतं, कारण इन्सुलिन चढून सोडियम पुन्हा राखलं जातं, आणि भाताचा गुण पक्का ठरतो. खरा उपाय मिठाचा आहे: दिवसाला दोन ग्लास पातळ ताक, प्रत्येकात पाव चमचा मीठ. मात्र रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं. मे महिन्यात, चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत वावरात राबत असताना हे पथ्य सुरू करू नये. घामानं मीठ जातंच आहे, त्यात ही भर नको.

आता ताटाकडे. 'शुगर आहे तर पोळी बंद, भाकर चालू' हा समज घरोघरी आहे. ज्वारीत तंतू जास्त आहेत, ती गव्हापेक्षा सावकाश पचते, पण १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं जवळजवळ तितकीच, सत्तरीच्या आसपास. वऱ्हाडातली ७० ग्रॅम पिठाची एक भाकर म्हणजे सुमारे ४७ ग्रॅम. पोहे, तीन भाकरी, वाटीभर भात, दोनदा वरण आणि दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा धरले तर दिवसाचा आकडा पावणेतीनशेच्या पुढे जातो. भंडारा-गोंदियाकडे भाकरीच्या जागी भात असतो, आकडा तोच. उपासाचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट आहे.

पथ्यात दिवसाला १३० ग्रॅम कर्बोदकांच्या आत राहायचं तर ५० ग्रॅम पिठाची एकच भाकर, दोन वेळांना अर्धी-अर्धी: ३४ ग्रॅम. घट्ट वरण दोनदा, प्रत्येक वेळी ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं: ३४. अंबाडी, मेथी, वांगी, दोडका पोटभर: २०. दही-ताक: १०. मूठभर शेंगदाणे आणि दोन अंडी: ७. एकूण १०५. चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, खायचं असेल त्या वेळी वरण नको. ५० ग्रॅम बेसनात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. आणि सोयाबीन! पोत्यानं पिकतं, सगळं बाजारात जातं, घरात शिजत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३६ ग्रॅम प्रथिनं. रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये २०-२५ मिनिटं चांगलं शिजवा. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, म्हणून कच्चं पीठ ताकात कालवून पिऊ नये.

या सगळ्याचा भार पडतो स्वयंपाक करणारीवर. तिला वेगळी भाजी, वेगळं वरण करावं लागलं की पथ्य महिनाभरही टिकत नाही. सगळ्यांना एकच स्वयंपाक. फक्त भाजी दुप्पट करायची. ५० ग्रॅम पीठ किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा मोजून आणा, त्याचा गोळा हातात धरून पाहा, हाताला अंदाज बसतो. ती लहान भाकर पहिली थापून बाजूला ठेवायची.

इस्राएलमधल्या दिमोना इथल्या अणुसंशोधन केंद्रात ३२२ जणांवर दोन वर्षं चाललेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे उपाहारगृहातल्या पदार्थांवर माहिती लावलेली होती, आहारतज्ज्ञांच्या गटबैठका होत आणि जोडीदारांच्या एका गटालाही शिकवलं गेलं होतं. कमी कर्बोदकांच्या गटातले ७८ टक्के लोक शेवटपर्यंत टिकले, गटाचं वजन सरासरी ४.७ किलोंनी घटलं. त्यांची सुरुवात दिवसाला २० ग्रॅमपासून झाली होती आणि पुढे १२० ग्रॅमपर्यंत मुभा मिळाली.

गावात हे बचत गटासारखं जमतं. चार-पाच घरं, आणि प्रत्येक घरातून दोघं: पथ्य करणारा आणि रांधणारी. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. बेंबीच्या रेषेत कमरेचं माप घ्यायचं, कारण कंबर पाण्यानं फारशी फसवत नाही. रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात आशाताईंना विचारून तपासून घ्यावी. तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी मोफत होते.

सुरू करण्याआधी गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवणं टाळू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्या चालू असताना भाकर कमी केली आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्याच दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) चढून आम्लता होऊ शकते. मीठ-पाणी कमी झाल्यावर रक्तदाबाच्या गोळ्याही जड पडतात, रक्तदाब फार उतरतो. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्यांनी, आणि पूर्व विदर्भात हा आजार बराच आहे, हे पथ्य आपल्या मनानं अजिबात करू नये. अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. गरोदर, स्तनदा आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही नाही.

राहिली पंगत. निघण्याआधी घरी दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर दाणे खावेत. बसण्याआधीच वाढप्याच्या कानावर घालावं, 'एकच रोडगा, भाजी दोनदा'. पानावर बसल्यावर आग्रह मोडणं कठीण जातं. जास्त झालंच तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये, नेहमीचं ताट घ्यावं. वजन मात्र पाचव्या दिवशी करावं. तोवर साठा पुन्हा उतरलेला असतो आणि तो सव्वा किलो काट्यावर दिसत नाही.