परसात तयार पत्र्याचं शेड उभं करताय? आधी हे कागद जमवा

ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या घरात मावेनाशा झाल्या की परसात एक शेड टाकून घ्यावं असं वाटतं. हल्ली विटा-सिमेंटच्या भानगडीत कोणी पडत नाही. जळगाव-धुळ्याकडून सुटे भाग गाडीत येतात, कारागीर नटबोल्ट आवळून एक-दोन दिवसांत शेड उभं करून जातात. अडचण सुरू होते ती शेजाऱ्याची तक्रार आल्यावर. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

शेडच्या परवानगीचे अर्ज भरायला मी लोकांना मदत करतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "हाई ते नुसतं लोखंड शे भाऊ, बांधकाम कोठे शे?" ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातल्या 'इमारत' या व्याख्येत शेडही येतं आणि धातूची बांधणीही येते. शेड उद्या उचलून नेता येईल म्हणून ते परवानगीतून आपोआप सुटत नाही. विकणारा "परवानगी लागत नाही" म्हणाला, तर ते लेखी मागा. तो देणार नाही.

पहिला प्रश्न जागा कुठली आहे हा. शेतात, शेतीची अवजारं, चारा किंवा शेतमाल ठेवायला शेड टाकत असाल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ते शेतघराच्या व्याख्येत बसतं. खेड्यातल्या शेतकऱ्याला त्यासाठी बिनशेती करून घ्यावी लागत नाही. त्याच शेडमध्ये दुकानाचा माल किंवा सिमेंट ठेवलं की ही सवलत संपली. मोठ्या शहरांच्या हद्दीत आणि आसपास शेतघरालाही परवानगी लागू शकते. तिथे तलाठ्याशी बोलूनच पाया घ्या.

गावठाणातल्या परसाचं प्रकरण जास्त अडतं, आणि ते कागदावर अडतं. ग्रामपंचायत 'नमुना ८' मागते. लोक शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावरून '८अ' काढून आणतात. नावात एका अक्षराचा फरक, पण कागद पूर्ण वेगळे. ८अ हा महसूल खात्याचा शेतजमिनीचा खाते उतारा. नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा उतारा, तो ग्रामसेवकाकडे मिळतो. गिरणाकाठच्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी याच एका गोंधळापायी तीन फेऱ्या मारताना पाहिलं. खिडकीवरच्या माणसाने पहिल्याच दिवशी हा फरक दोन वाक्यांत सांगितला असता, तर त्या माणसाची पुढच्या फेऱ्यांची मजुरी वाचली असती. एवढंही करवत नाही, याचा मला खरंच राग येतो.

नमुना ८ हातात आला तरी तो कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. मालकीसाठी मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) लागतं. जुन्या गावठाणांत ते बहुतेकांकडे नव्हतंच. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन पत्रकं तयार होत आहेत. तुमच्या गावची मोजणी झाली असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. खरेदीखत असेल तर तेही जोडा.

आणि घर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर शेडचा विचार बाजूला ठेवून आधी वारसनोंद करा. भावांची, बहिणींची संमती घ्या. बहिणीची सही राहिली म्हणून परत आलेले अर्ज मी मोजायचे सोडले. सासरी गेलेल्या बहिणीचाही हक्क आहे. तिला आधी फोन करा, अर्ज भरताना शेवटच्या दिवशी नको. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर २००४ च्या अधिसूचनेने मुद्रांक शुल्क माफ आहे. त्यामुळे कोणी प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक आणायला सांगितलं, तर कशाच्या आधारे ते विचारा.

ग्रामीण भागात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचं असेल तर आता ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही, हे खरं आहे. फक्त इथे मोजायचा तो भूखंड. लोक शेडचं माप धरतात आणि "माझं तर दीडशेच फूट आहे" म्हणतात. आणि परवानगी नाही म्हणजे कागद नाहीत असंही नाही. मालकीचे कागद, जागेचा नकाशा, बांधकामाचा आराखडा आणि तो नियमात बसतो असं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, विकास शुल्काची पावतीही लागते. शेडवाल्याच्या माहितीपत्रकातलं रंगीत चित्र म्हणजे आराखडा नव्हे. त्यात तुमचं घर, कुंपण, शेजाऱ्याची भिंत काहीच नसतं. भूखंड १,६०० ते ३,२०० चौरस फुटांचा असेल, तर किती शुल्क भरायचं ते ग्रामपंचायतीने १० दिवसांत कळवायचं असतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली नसेल, तर हे १० दिवस कधी सुरू झाले ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही.

अमळनेर, चोपडा, भुसावळसारख्या नगरपरिषदेच्या गावात किंवा महापालिकेत राहत असाल, तर जुना मंजूर नकाशा शोधून काढा. घरामागची मोकळी जागा तुमचीच असते, पण बऱ्याचदा ती सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांच्यामधली जागा) म्हणून मोकळी ठेवायच्या अटीवरच घराला परवानगी मिळालेली असते. तिथे शेड टाकणं म्हणजे स्वतःचाच मंजूर नकाशा मोडणं. नोटिसा बहुतेक यावरूनच येतात.

तिथे मुदतीचाही घोटाळा होतो. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं मानता येतं, ही तरतूद नगररचना कायद्यात आहे. पण मधे त्रुटीचं पत्र आलं असेल, तर दिवस तुमच्या उत्तराच्या तारखेपासून मोजले जातात. शिवाय बांधकाम नियमांत बसत नसेल तर ही मानीव परवानगी कामाला येत नाही.

बाकी आधार कार्ड, चालू वर्षाची घरपट्टी पावती हे नेहमीचंच. थकबाकी असेल तर आधी भरा. शेडवाल्याला इसार देताना "परवानगी न मिळाल्यास रक्कम परत" ही ओळ पावतीवर हाताने लिहून त्याची सही घ्या. शेड उभं राहिल्यावर ग्रामपंचायतीत त्याची नोंद करून नवा नमुना ८ मागून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल, पण पुढच्या वेळी कागद मागितला तर तो तुमच्याकडे असेल.