उसन्या हातांचे आरमार : कोकणातले दोन दाखले

गोव्याच्या नौदल युद्ध महाविद्यालयात आज मित्रदेशांचे नौदल अधिकारी येतात, २०१७ पासून तिथे गोवा मेरिटाइम कॉन्क्लेव्हही भरते. ही संस्था १९८८ मध्ये उरणजवळच्या करंज्यात सुरू झाली आणि २०११ मध्ये गोव्यात गेली. परक्या दर्यावर्दींकडून शिकण्याचा कोकणचा अनुभव मात्र याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो कडूही आहे.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत जहाजबांधणी काढली. रुय लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज जाणकाराच्या हाताखाली सुमारे ३४० माणसे कामाला लागली. बांधायच्या होत्या २० संगमेश्वरी, म्हणजे निमुळत्या नाळेच्या चपळ युद्धनौका. जहाजे जंजिऱ्याच्या सिद्दीवर जायची आहेत, असे पोर्तुगिजांना सांगितले होते. पण कल्याणहून समुद्राला लागायचे तर एका वाटेवर वसई, दुसरीवर ठाणे आणि मुंबई; तेव्हा तिन्ही पोर्तुगिजांचीच. आपल्याच माणसांनी बांधलेले आरमार उद्या आपल्या दारात उभे राहील, हे वसईकरांनी ओळखले. त्यांनी व्हिएगसला फितवले आणि १६५९ मध्ये तो माणसांसह काम टाकून निसटला. पगार एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, तिथे कसब कामाला येत नाही. तरीही आरमार थांबले नाही: फेब्रुवारी १६६५ मध्ये कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूर बंदराच्या स्वारीत ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे होती.

दुसरा दाखला जास्त महागात पडला. मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल तुळाजी आंग्रे जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अॅडमिरल वॉटसनचा ताफा तुळाजीच्या मुख्य ठाण्यावर, विजयदुर्गावर आला. आंग्र्यांच्या गुराबा (मोठ्या लढाऊ नौका) आणि गलबते खाडीत एकमेकांना खेटून नांगरलेली होती. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि जवळजवळ सगळे आरमार जळाले. इंग्रज फौजेच्या रॉबर्ट क्लाइव्हने जमिनीवर उतरून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये ठाण मांडले, त्यामुळे दोस्त बाहेरच राहिले. मराठ्यांची स्वतःची लढाऊ जहाजे मराठ्यांच्याच संमतीने जाळली गेली, ही गोष्ट आजही सलते. विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला तो ऑक्टोबर १७५६ च्या तहानंतर. बाणकोट आणि त्याभोवतालची गावे इंग्रजांकडे गेली.