जुन्या लाउडस्पीकरचा इम्पीडन्स आणि स्टिरिओ रिसिव्हरशी जुळणी

बदलत्या (एसी) प्रवाहाला स्पीकर जो एकूण विरोध करतो तो त्याचा इम्पीडन्स (संरोध), तो ओहममध्ये मोजतात. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले ओहम आणि रिसिव्हरला (रेडिओ व ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या संचाला) झेपणारा भार यांचा मेळ घालण्याला इम्पीडन्सची जुळणी म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या रिसिव्हरला दोन्हीकडचे आकडे सारखे असावे लागत नाहीत. स्पीकर रिसिव्हरच्या किमान मर्यादेखाली जाऊ नये, एवढीच अट असते. ‘८ ओहमला ८ ओहमच’ हा हट्ट सोलापुरात आजही दुकानोदुकानी ऐकू येतो, पण तो व्हॉल्व्हच्या काळातला आहे. १६ ओहमचा जुना स्पीकर ८ ओहमच्या रिसिव्हरला खुशाल लावावा, आवाज थोडा कमी मिळेल इतकेच. ४ ओहमचा लावण्याआधी मात्र रिसिव्हरच्या मागची पट्टी वाचावी.

कारण साध्या हिशेबात आहे. व्हॉल्यूमच्या एका ठिकाणी रिसिव्हर २० व्होल्ट देत असेल, तर ८ ओहममधून २.५ अँपिअर प्रवाह जातो आणि ५० वॅट मिळतात. तेच २० व्होल्ट १६ ओहमवर १.२५ अँपिअर आणि २५ वॅट होतात, ४ ओहमवर ५ अँपिअर आणि १०० वॅट. हा दुप्पट प्रवाह आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो आणि त्यांच्यात जिरणारी उष्णताही साधारण त्याच प्रमाणात वाढते. हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर त्या बेताचे नसतील, तर पहिले काही दिवस ‘काय दणका आहे’ असे वाटते आणि मग एक चॅनेल जातो.

पाठीवरचा आकडा नाममात्र असतो. स्पीकरचा इम्पीडन्स कंपनसंख्येनुसार (फ्रिक्वेन्सीनुसार) वरखाली होतो. ८ ओहमच्या वूफरचा (खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या कोनाचा) डीसी रोध साधारण ५.५ ते ७ ओहम असतो. त्याच्या अनुनादाच्या (रेझोनन्सच्या) ठिकाणी इम्पीडन्स ३० ओहमच्याही वर जाऊ शकतो, पुढे मध्यसप्तकाच्या खालच्या अंगाला तळ गाठतो आणि वरच्या स्वरांत कॉइलच्या प्रेरकत्वामुळे (इंडक्टन्समुळे) पुन्हा चढतो. क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे सर्किट) असलेल्या पेटीत मध्येच आणखी एखादा खड्डा सापडतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकानुसार हा तळ नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमला ६.४ आणि ४ ओहमला ३.२. सगळे जुने कारखाने हे पाळत होते असे समजू नये.

जुना माल कोणत्या देशातला, यावरूनही अंदाज बांधता येतो. जुने ब्रिटिश स्पीकर बहुधा १५ किंवा १६ ओहमचे. बीबीसीने आखलेला एलएस३/५ए हा स्पीकर आधी १५ ओहमचा होता, नंतरच्या आवृत्तीत ११ ओहमचा झाला. डिन या जर्मन मानकाच्या वळणाच्या संचांत ४ ओहम नेहमीचे. जपानी आणि अमेरिकी मालात ८ ओहम सर्वाधिक, तरी अमेरिकेचा एआर-३ए हा स्पीकर ४ ओहमचा आहे.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे गणित वेगळे. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे ४, ८, १६ असे वेगळे टर्मिनल असतात. तिथे स्पीकर ज्या ओहमचा, त्याच टर्मिनलला जोडावा. ट्रान्झिस्टरला शॉर्टची भीती, तर व्हॉल्व्हला मोकळ्या टर्मिनलची. स्पीकर न लावता व्हॉल्यूम चढवला, तर प्रायमरीत व्होल्टेज उसळून ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटते.

सेकंडहँड स्पीकरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. कोन बदललेला, कॉइल पुन्हा भरलेली, वूफर दुसऱ्याच पेटीतला, असे प्रकार सर्रास असतात. भरणाऱ्याच्या हाताशी जी तार होती तिने कॉइल भरली गेली, की ८ ओहमची पट्टी असलेल्या पेटीत ४ ओहमचा वूफर बसतो. म्हणून मोजावे. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवावीत. जो ०.२-०.५ ओहम दिसेल तो वजा करायचा. मग रिसिव्हरपासून सोडवलेल्या स्पीकरच्या टर्मिनलवर मोजावे. ३ ते ३.८ आले तर ४ ओहमचा, ५.५ ते ७ आले तर ८ ओहमचा, ११ ते १३ आले तर १५-१६ ओहमचा. काहीच न दिसल्यास वूफरची कॉइल, तिची लवचीक तार किंवा पेटीतला फ्यूज तुटला आहे. ०.५ ओहमच्या आसपास आले तर शॉर्ट आहे. तसा स्पीकर रिसिव्हरला लावायचाच नाही. ट्विटरच्या (वरचे स्वर देणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) वाटेत कपॅसिटर असल्याने डीसी मोजणीत तो दिसत नाही, तो बाहेर काढून वेगळा तपासावा लागतो.

तळ नेमका किती हे पाहायचे असेल, तर स्पीकरच्या प्लस तारेत १० ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर मालिकेत घालावा. मोबाइलवरून टोन सोडून व्हॉल्यूम इतका ठेवावा की एकूण एखादा व्होल्ट दिसेल. मग एसी रेंजवर रेझिस्टरवरचे आणि स्पीकरवरचे व्होल्टेज वेगवेगळे मोजायचे. दोघांतून प्रवाह एकच जातो, त्यामुळे स्पीकरचे व्होल्टेज भागिले रेझिस्टरचे व्होल्टेज गुणिले १० हे उत्तर. रेझिस्टरवर ०.६० आणि स्पीकरवर ०.४२ व्होल्ट आले, तर त्या टोनला ७ ओहम. १०० ते ४०० हर्ट्झमध्ये जवळजवळचे टोन घेतले की तळ सहसा हाती लागतो. स्वस्त मीटरचे १ किलोहर्ट्झच्या वरचे आकडे धरू नयेत.

खरी गफलत ‘ए+बी’च्या, म्हणजे ए आणि बी या स्पीकरच्या दोन जोड्या एकदम चालवण्याच्या बटणात होते. बहुतेक रिसिव्हरमध्ये या बटणाने दोन्ही जोड्या समांतर येतात: ८ आणि ८ मिळून ४, ८ आणि ४ मिळून २.६७, ४ आणि ४ मिळून २ ओहम. म्हणूनच मागे ‘ए किंवा बी ४ ते १६, ए+बी ८ ते १६’ अशा अर्थाचे लिहिलेले असते. त्यातला दुसरा आकडा प्रत्येक स्पीकरचा किमान आकडा आहे, एकत्रित भाराचा नव्हे. काही रिसिव्हर मात्र ए+बी मालिकेत जोडतात. बीचा स्पीकर काढल्यावर एचा आवाजही बंद पडला, तर तो त्यातला. दोन वेगळ्या बनावटीचे स्पीकर मालिकेत जोडू नयेत. प्रत्येक स्वराला व्होल्टेज वेगळ्या प्रमाणात वाटले जाते आणि दोघांचाही आवाज बिघडतो.

मंडपाचे भोंगे घरच्या रिसिव्हरला लावून पाहण्याची हौस गणपतीत आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत उफाळून येते. भोंग्याचे साधे युनिट बहुधा १६ ओहमचे असते, त्यामुळे रिसिव्हरला त्याचा त्रास नाही. त्रास युनिटला होतो. खालचे स्वर न गाळता दिले की डायफ्राम फाटतो. १०० व्होल्ट लाइनच्या (मंडपाच्या ॲम्प्लिफायरच्या जास्त व्होल्टेजच्या तारेवर चालणाऱ्या) भोंग्यात ट्रान्सफॉर्मर असतो. त्यातल्या १० वॅटच्या टॅपचा (जोडबिंदूचा) इम्पीडन्स १,००० ओहम भरतो. २० व्होल्ट देणाऱ्या रिसिव्हरवर त्यातून ०.४ वॅटच निघतात आणि रिसिव्हर ‘डेड’ असल्याचा निकाल लागतो. बिचारा रिसिव्हर ठणठणीत असतो.

४ ओहमचा स्पीकर वाचवायला मालिकेत ४ ओहमचा रेझिस्टर घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने भार ८ ओहम होतो हे खरे, पण निम्मी शक्ती रेझिस्टरमध्ये जळते. २० व्होल्टला त्याच्यावर २५ वॅट पडतात, त्यामुळे १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर पूर्ण आवाजात टिकत नाही. हीट सिंकवर बसणारा ५० वॅटचा घ्यावा लागतो. शिवाय रिसिव्हरची कोनवरची पकड सुटते आणि बास फुगलेला, सैल येतो. त्यापेक्षा ४ ओहम झेपणारा रिसिव्हर शोधावा किंवा व्हॉल्यूमला हात आवरावा. तारेचेही तसेच: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर अंतराला, जाऊन-येऊन, सुमारे ०.१४ ओहम धरते. ४ ओहमला ती चालते, बारीक बेल वायर चालत नाही.

सोलापुरात आणखी दोन गोष्टी मोजणीत धराव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो. भिंतीतल्या बंद कपाटात ठेवलेला रिसिव्हर ८ ओहमवरही तापतो आणि ४ ओहमवर संरक्षणाचा रिले टक्-टक् करत आवाज तोडतो. वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. यंत्रमागाच्या शेडजवळ घर असेल तर जाळीत बसलेली सुताची लव ब्रशने काढत राहावी. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. ज्या लाइनवर मागांचा भार आहे, तिथे माग थांबले की व्होल्टेज चढते. बहुतेक जुन्या रिसिव्हरचा आउटपुटचा पुरवठा रेग्युलेटेड नसतो. २३० चे २५० झाले की आतले व्होल्टेजही जवळपास ९ टक्क्यांनी वाढते आणि भारावर पडू शकणारी कमाल शक्ती सुमारे १८ टक्क्यांनी. १०० व्होल्टचा जपानी किंवा १२० व्होल्टचा अमेरिकी संच असेल, तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघावा. तो नसेल तर योग्य वॅटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

चांगले स्पीकर जोडण्याआधी अनोळखी रिसिव्हर सिरीज बोर्डवर, म्हणजे मालिकेत जोडलेल्या १०० वॅटच्या पिवळ्या (तंतूच्या) बल्बमधून चालू करावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग थेट लाइनवर, स्पीकर न लावता आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, प्रत्येक चॅनेलच्या टर्मिनलवर डीसी मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. १०० च्या वर असेल तर आधी दुरुस्ती. हे टाळल्यास फुटलेल्या ट्रान्झिस्टरमधून पुरवठ्याचा पूर्ण डीसी कॉइलवर येतो आणि ती जळते. एसटीके आयसी (पूर्ण आउटपुट एकाच तुकड्यात असलेला भाग) असलेल्या संचात जास्त जपावे, कारण कमी ओहमवर तो आयसी उडाला की बाजारात नकली आयसी मिळण्याची शक्यताच जास्त. काही रिसिव्हरमध्ये दोन्ही चॅनेलच्या काळ्या टर्मिनलांना समाईक अर्थिंग (ग्राउंड) नसते, म्हणून ते टर्मिनल एकत्र बांधू नयेत.