घुमटाची थाप कीबोर्डात कशी भरायची?

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांना घुमट हवंच; मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं हे तालवाद्य. पण वाजवणारे हाताशी नसले की कीबोर्डवाल्याकडे विचारणा होते, ‘घुमट आहे का रे त्यात?’ तबला-ढोलकी बहुतेक कीबोर्डांत सापडते. घुमट सहसा नसतं. ते आपणच भरावं लागतं. गोवा सरकारने 2019 मध्ये त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला खरा, पण त्याने आवाज काही यंत्रात उतरत नाही.

तो उतरवायचा तर सॅम्पलिंग करावं लागतं, म्हणजे ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत साठवणं. सीडीत हे सेकंदाला 44,100 वेळा होतं. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत, ऐकू येतं, आणि कुठलंही कंपन नीट टिपायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. आकड्यांच्या आधी हेच काम फितीवर चाले. 1963 च्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली फितीचा तुकडा असे आणि आठेक सेकंदांत सूर संपे.

पेटी भरणं सोपं. दर तीन-चार पट्ट्यांमागे एक सूर रेकॉर्ड करायचा; मधले सूर तीच नोंद कमी-जास्त वेगाने वाजवून मिळतात, अर्ध्या सुरामागे सुमारे सहा टक्के वेग. सूर एकसारखा टिकतो, त्यामुळे मधला तुकडा फिरवत ठेवला की तो हवा तेवढा लांबवता येतो.

घुमटापाशी ही युक्ती फसते. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर चामडं, दुसरं लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात, डावा तळवा लहान तोंड झाकतो-उघडतो. तोंड झाकत आणलं की आतली हवा संथ कंपते आणि खर्ज खाली उतरतो. चामड्याचा ताण मात्र तोच राहतो. म्हणजे एका थापेत दोन आवाज, आणि हलतो त्यातला मुख्यतः एकच. सॅम्पल दुप्पट वेगाने वाजवलं तर दोन्ही एकदम वर जातात. कानाला ते निम्म्या उंचीचं, निम्म्या रुंदीचं, एक अष्टमांश हवा मावणारं भांडं वाटतं. खेळण्यातलं घुमट!

म्हणून मायकही दोन लावावेत. चामड्याजवळच्या मायकमध्ये बोटांची टणक टकटक येते, लहान तोंडाजवळच्यात घुमारा. दोन्ही मिसळल्यावर खर्ज गायब झाला तर घाबरू नये. चामडं आत दबतं तेव्हा लहान तोंडातून हवा बाहेर येते, त्यामुळे दोन लहरी एकमेकींना खोडतात. एक लहर उलटी करून बघावी.

आता हिशेब. समजा पाच बोल, प्रत्येक हळू ते जोरात अशा चार ताकदींत, आणि प्रत्येकाच्या चार वेगवेगळ्या नोंदी. ही शेवटची चौकडी वाचवू नये. तीच नोंद द्रुत लयीत पुन्हा पुन्हा वाजली की थापेतला माणूस निघून जातो आणि मशीनगन ऐकू येते. झाले 80 ठोके. तळव्याच्या तीन स्थिती धरल्या तर 240. एकेक सेकंदाचे, स्टिरिओ, सीडीच्या दर्जाचे म्हटले तरी जेमतेम 42 एमबी. जागेची अडचण नाही, वादकाच्या बोटांची आहे.

तळव्याची सरकती हालचाल मात्र 240 ठोक्यांतही येत नाही. त्यासाठी अनेक जण पिच बेंडचं, म्हणजे अख्खा सूर वरखाली सरकवणारं, चाक फिरवतात. मला ते पटत नाही, कारण त्याने चामड्याचा आवाजही खालीवर होतो. त्यापेक्षा फक्त खर्जाचा पट्टा उचलणारा फिल्टर पायाच्या पेडलला जोडावा, म्हणजे टकटक जागच्या जागी राहते.

आणि रेकॉर्डिंग एकाच बैठकीत उरकावं. भाद्रपदातल्या दमट हवेत चामडं सैल पडतं. मध्येच उन्हात ठेवून ताणलं तर आधीचे आणि नंतरचे ठोके जुळत नाहीत. वेगळं घुमट घेतलं तर बोलायलाच नको. पूर्वी घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि आता बकरीचं लावतात. जुन्या रेकॉर्डिंगमधला एखादा ठोका या संचात घुसडला तर तो लगेच वेगळा पडतो.