लोकर टोचते तेव्हा: अ‍ॅलर्जी कोणती आणि नुसती खाज कोणती

डिसेंबर लागला की पुण्यात माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, शाली, स्वेटर आणि कानटोप्या बाहेर येतात आणि त्यांच्यामागोमाग मानेवरचे लाल चट्टे, मनगटाची खाज आणि पहाटेच्या शिंकाही येतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याआधीच घरात निदान होऊन गेलेले असते: ‘याला लोकरीची अ‍ॅलर्जी आहे.’ हे निदान बहुतेक वेळा चुकते. त्रास खरा असतो, पण त्याचे मूळ भलतीकडेच असते, आणि मूळ वेगळे निघाले की उपायही वेगळा करावा लागतो.

अ‍ॅलर्जी होते तेव्हा शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि आपले केस व नखेही त्याच कुळातल्या प्रथिनांची असतात. या प्रथिनाविरुद्धच प्रतिकारयंत्रणा उभी ठाकल्याची खात्रीलायक उदाहरणे फार विरळा आहेत. त्वचाविज्ञानाच्या ‘अ‍ॅक्टा डर्माटो-व्हेनेरिऑलॉजिका’ या नियतकालिकात 2017 साली या विषयावरच्या उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला गेला आणि लोकरीच्या तंतूची अ‍ॅलर्जी ही बव्हंशी एक समजूत आहे, असाच त्याचा रोख होता.

मग खाज कशाची? तिचे उत्तर 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोधले. कापडाच्या पृष्ठभागावरून तंतूंची मोकळी टोके वर आलेली असतात. टोक बारीक आणि लवचीक असेल तर त्वचेला टेकताच वाकते आणि आपल्याला काही जाणवत नाही. ते जाड असेल तर वाकण्याआधी त्वचेवर दाब देते, आणि हा दाब साधारण 75 मिलिग्रॅम वजनाइतका झाला की त्वचेतील वेदनावाहक चेतातंतू जागे होतात. अशी अनेक टोके एकाच वेळी थोड्याशा जागेत टोचली की मेंदूला ‘चुरचुर’ कळते. टोचण्याची ही मर्यादा साधारण 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या आसपास आहे. कापडातील शंभरपैकी पाचांहून अधिक तंतू त्यापेक्षा जाड असतील तर ते कापड बहुतेकांना टोचते. ही निव्वळ यांत्रिक घटना आहे, त्यामुळे अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन ती थांबत नाही.

आपल्याकडची घोंगडी उजेडासमोर तिरपी धरून पाहिली तर हे डोळ्यांनी दिसते. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि केसाळ. तिचे तंतू तलम लोकरीच्या मेरिनो मेंढीच्या तंतूंपेक्षा कितीतरी जाड. त्यातून विणण्याआधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ दिलेली असल्यामुळे नवी घोंगडी आणखी ताठ असते, आणि तिच्या कडेवर उभे राहिलेले आखूड, काळे केस सहज मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. धनगरांच्या खांद्यावर पावसापाण्यात टिकण्यासाठी घडलेले हे वस्त्र. ते उघड्या अंगाला मऊ लागावे ही अपेक्षाच अस्थानी आहे. याउलट अतितलम मेरिनोचा तंतू 17-18 मायक्रॉनचा असतो आणि तो तान्ह्या मुलाच्या अंगालाही सहसा टोचत नाही. ‘लोकर’ या एकाच नावाखाली इतक्या भिन्न वस्तू मोडत असताना सर्वांची अ‍ॅलर्जी एकदम जाहीर करणे घाईचे ठरते.

येथे खरेदीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. थंडीत रस्त्याकडेला तिबेटी विक्रेत्यांची दुकाने लागतात किंवा लक्ष्मी रस्त्यावर शालींच्या घड्या उलगडल्या जातात, तेव्हा प्रत्येक जण कापड तळहाताने चाचपून पाहतो. तळहाताची आणि बोटांची त्वचा जाड असल्यामुळे तेथे ही टोचणी जवळजवळ कळतच नाही. मानेला किंवा कोपराच्या आतल्या बाजूला कापड मिनिटभर टेकवून पाहिले तर घरी गेल्यावर फसगत होत नाही.

पुण्याच्या हवेचाही यात वाटा आहे. पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला पहाटे पारा दहाच्या आसपास उतरलेला असतो आणि दुपारी तोच तिशीकडे झुकतो. सकाळी सातला दुचाकीवर चढवलेला स्वेटर अकरा वाजेपर्यंत अंगावर राहिला की आत घाम धरतो. ओलसर आणि गरम त्वचा टोचणीला अधिक हळवी होते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. शिवाय घाम साचल्याने घामोळ्याची वेगळी खाज सुरू होते ती निराळीच.

त्याआधी एक प्राथमिक प्रश्न विचारायला हवा: तो स्वेटर लोकरीचा आहे तरी का? बाजारात ‘वुलन’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे स्वस्त स्वेटर अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. शिवणीच्या आतून एक धागा काढून, तो चिमट्यात धरून, स्वयंपाकघरातील सिंकवर पेटवून पाहावा. लोकर अनिच्छेने जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक भसकन पेट घेते, वितळते आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. वर्षानुवर्षे ‘लोकर सोसत नाही’ म्हणणाऱ्याच्या कपाटात एकही लोकरीचे वस्त्र न सापडणे मुळीच अशक्य नाही.

एका गटाला मात्र लोकर इतरांपेक्षा अधिक छळते. ज्यांना जन्मजात प्रवृत्तीने येणारा इसब, म्हणजे अ‍ॅटोपिक डर्माटायटिस आहे, त्यांच्या त्वचेचे बाह्य आवरण गळके असते. आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ सहज आत शिरतात. या आजाराच्या निदानासाठी हनिफिन आणि रायका यांनी 1980 साली निकष मांडले, त्यांतील दुय्यम निकषांमध्ये लोकर न सोसणे याचाही समावेश आहे. त्यामुळे मुलाला लोकर चावते, गालांवर आणि कोपराच्या व गुडघ्यांच्या खाचांत कोरडे चट्टे येतात, घरात कुणाला दमा किंवा सततची सर्दी आहे, असे चित्र असेल तर स्वेटर बदलून भागत नाही; इसबाचा इलाज करावा लागतो. तान्ह्या बाळाच्या हनुवटीखाली कानटोपीची लोकरी दोरी, त्यावर गळणारी लाळ आणि दुधाचा ओघळ असे तिन्ही एकत्र आले की तेथे लाल घडी पडते, आणि दोष एकट्या लोकरीला दिला जातो. मेलबर्नमध्ये इसब असलेल्या लहान मुलांवर झालेला एक छोटा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात अतितलम मेरिनोचे कपडे घातलेल्या काळात मुलांचा इसब सुती कपड्यांच्या काळापेक्षा कमी आढळला. म्हणून पुण्यातल्या थंडीसाठी कोणी महागडे मेरिनो घेत सुटावे असे मी म्हणणार नाही. आत स्वच्छ सुती झबले आणि वर स्वेटर एवढे येथे पुरते.

खरी अ‍ॅलर्जी असते ती बहुधा लोकरीवरच्या मेणाची. मेंढीच्या त्वचेतील ग्रंथींतून पाझरणारे हे मेण लोकरीला पाण्यापासून वाचवते; ते शुद्ध करून मलमांसाठी वापरण्याची पद्धत जर्मनीत 1882 साली आली आणि त्याला लॅनोलिन हे नाव मिळाले. धुऊन, रंगवून आलेल्या गिरणीच्या कापडात ते फारच थोडे उरते. गंमत अशी की लॅनोलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीला स्वेटरपेक्षा धोका असतो तो ओठांच्या बामचा, बाळाच्या क्रीमचा, स्तनाग्रांना लावायच्या मलमाचा आणि टाचांच्या भेगांवरच्या औषधाचा. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2023 साली ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ म्हणून लॅनोलिनचीच निवड केली होती. ज्यांच्या पायावर दीर्घकाळ न भरणारी जखम आहे, अशा वृद्धांमध्ये ही अ‍ॅलर्जी अधिक आढळते, कारण उघड्या त्वचेवर महिनोन्महिने मलम चोळले जाते. तेच मलम धडधाकट त्वचेला अनेकदा काहीही करत नाही.

ओळखण्याची खूण वेळेत आहे. टोचणी कपडा घालताच काही मिनिटांत सुरू होते आणि तो काढला की हळूहळू शमते. मागे फार तर लाली राहते. लॅनोलिनची अ‍ॅलर्जी सावकाश येते: मलम लावल्यावर एकदोन दिवसांनी त्या जागी पुरळ उठते, बारीक फोड येऊन पाणी सुटते आणि कारण दूर केल्यावरही ते आठवडाभर किंवा त्याहून अधिक रेंगाळते. तिसरा प्रकार विरळा, पण गंभीर: काही मिनिटांत अंगभर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, श्वास लागणे. असे झाले तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

लॅनोलिनची शंका असेल तर पॅच टेस्ट करतात. पाठीवर अनेक पदार्थांचे छोटे ठिपके चिकटपट्टीने बसवतात, दोन दिवसांनी पट्टी काढून पहिली नोंद घेतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम आणणारे श्रम टाळायचे. त्यामुळे एप्रिल-मेपेक्षा थंडीत ही तपासणी करणे सुखाचे. त्याच पट्टीवर कापडाच्या काही रंगद्रव्यांचीही परीक्षा होते, आणि काख, मांड्यांची आतली बाजू अशा घासणाऱ्या, घामेजणाऱ्या जागीच चट्टे असतील तर संशयाची सुई रंगाकडे वळवावी. तपासणी लॅनोलिनला होकारार्थी आली तर प्रसाधनांच्या वेष्टनावर लॅनोलिन, वूल फॅट, वूल वॅक्स, वूल अल्कोहोल यांपैकी कोणतेही नाव दिसताच ती वस्तू खाली ठेवावी.

शिंका, नाक गळणे आणि डोळे चुरचुरणे यांचा संबंध बहुधा त्वचेशी नसतोच. नऊ महिने बंद राहिलेल्या ब्लँकेटमध्ये साठलेली धूळ आणि तिच्यातील सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, हे तेथले मुख्य संशयित. साठ अंशांच्या पाण्यात धुतल्यास हे किडे मरतात. परंतु लोकर तेवढ्या उष्णतेत आटते. अशा वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकदोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवण्याचा मार्ग आहे, आणि नंतर धुळीसकट मेलेले किडे व त्यांची विष्ठा काढण्यासाठी कोमट पाण्यात हलके धुवावे लागते, कारण त्रास देणारे प्रथिन त्या विष्ठेतच असते. कडक उन्हात पसरून झटकणेही उपयोगी, फक्त ज्याला त्रास होतो त्याने ते झटकू नये.

त्वचेची निगा मात्र सगळ्या प्रकारांत सारखीच. थंडीत कढत पाण्याची लांबलचक अंघोळ आणि भरपूर साबण यांनी त्वचा कोरडी होते आणि कोरड्या त्वचेला मऊ कापडही टोचते. अंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. येथे सर्वांत मोठा अपाय करते ती मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘खाजेची ट्यूब’. तिच्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक अशी खिचडी असते. दोन दिवस आराम वाटतो, पुढे त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते लपून पसरते. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे बोलत आहे. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबाच्या भरात ते लागतेच, पण कोणते, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

फेब्रुवारीअखेर कपडे पुन्हा ट्रंकेत जातात तेव्हा ते धुऊन, पूर्ण वाळवून आणि हवाबंद पिशवीत ठेवावेत; घामाचे आणि अन्नाचे डाग असलेल्या लोकरीवरच कसर अधिक लागते. डांबरगोळ्यांची सवय सोडलेली बरी. त्यांतील नॅफ्थलीनच्या वाफेने नाक आणि डोळे चुरचुरतात, आणि ज्या बाळाला जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात उणीव आहे, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी या वाफेने फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. जपून ठेवलेले आजीच्या हातचे लोकरी टोपडे नव्या बाळाला घालायचे असेल तर ते आधी धुऊन काही दिवस उन्हावाऱ्यात टांगावे, आणि बाळ पिवळे किंवा पांढुरके दिसू लागले, लघवी गडद झाली, तर डॉक्टरांना डांबरगोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा.