डेकेडन्स: रोमच्या पडझडीपासून चॉकलेट केकपर्यंत

पुण्यातल्या एका कॅफेत मेन्यूकार्डावर ‘डेकेडंट चॉकलेट केक’ असं छापलेलं होतं. सोबतच्या मैत्रिणीने विचारलं, “म्हणजे काय गं? शिळा?” मला हसू आलं, पण प्रश्न अगदीच वावगा नव्हता. शब्दकोशात ‘डेकेडन्स’ काढलात तर समोर ऱ्हास, अवनती, अधोगती हेच शब्द येतात. अधोगतीला गेलेला केक पैसे मोजून कोण खाईल? तरी लोक खातात, आणि त्यामागे बरीच जुनी कहाणी आहे.

लॅटिनमध्ये ‘कादेरे’ म्हणजे पडणे. त्याला ‘खाली’ या अर्थाचा ‘दे’ जोडून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘देकादेन्तिया’ झालं, फ्रेंचमध्ये ‘देकादाँस’, आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला ते इंग्रजीत आलं. गंमत म्हणजे याच धातूचा एक शब्द फ्रेंचमार्गे आधीच इंग्रजीत येऊन बसला होता: ‘डीके’. दात किडतो, लाकूड कुजतं तो डीके. घरकामाची पडझड थोरल्या भावाने सांभाळली; साम्राज्यं आणि कला धाकट्याच्या वाट्याला आल्या. ‘डेकेड’ म्हणजे दशक, त्याचा मात्र इथे काही संबंध नाही. तो शब्द ग्रीकमधल्या ‘दहा’वरून आला आहे.

‘कादेरे’चा गोतावळा मोठा आहे. अंगावर येऊन पडतो तो ‘ॲक्सिडेंट’. फासा पडेल तसा ‘चान्स’. पानझडी झाडांना इंग्रजीत ‘डेसिड्युअस’ म्हणतात, तेही इथलंच. सूर्य जिकडे पडतो, म्हणजे मावळतो, ती दिशा ‘ऑक्सिडेंट’. पाश्चात्त्य जगाच्या नावातच मावळणं आहे म्हणायचं! व्याकरणातली विभक्तीसुद्धा लॅटिनमध्ये ‘कासुस’, म्हणजे पडणे. नाम प्रथमेत ताठ उभं असतं आणि बाकीच्या रूपांत कलतं, पडतं, अशी ती कल्पना. ती मूळ ग्रीकांची. त्यांचा शब्द ‘प्तोसिस’. पापणी खाली ओघळते त्या विकाराला डॉक्टर आजही ‘टोसिस’ म्हणतात.

हा ग्रीक शब्द आपल्या ‘पतन’चा नातेवाईक. संस्कृतातला ‘पत्’ मात्र पडतोही आणि उडतोही, म्हणून पतन आणि पतंग एकाच घरचे. लॅटिन ‘कादेरे’चा संस्कृत भाऊबंद म्हणून ‘शद्’ हा धातू दाखवतात. मराठीत त्याची फारशी ओळख उरलेली नाही. ‘ऱ्हास’ तर पडण्याचा शब्दच नव्हे. तो ‘ह्रस्’वरून आला, म्हणजे कमी होणे, आखूड होणे, ‘ह्रस्व’ त्याचा सख्खा भाऊ. इंग्रजीतला डेकेडन्स कोसळतो, आपला ऱ्हास आक्रसतो. आणि ‘उतरती कळा’ म्हटलं की चंद्र आलाच, म्हणजे पुढच्या पंधरवड्याची आशा शिल्लक.

युरोपात या शब्दाला वजन आलं ते रोममुळे. १७३४ मध्ये फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने रोमनांचा मोठेपणा आणि त्यांची ‘देकादाँस’ यांच्या कारणांवर ग्रंथ लिहिला. इंग्रज इतिहासकार गिबनच्या रोमच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ चा, पण त्याने शीर्षकात हा शब्द घेतला नाही. ‘डिक्लाइन’ आणि ‘फॉल’ असे दोन साधे शब्द घेतले. १८४७ मध्ये फ्रेंच चित्रकार तोमा कुत्यूरने याच विषयावर भलंमोठं चित्र रंगवलं: मेजवानीनंतर लोळत पडलेले रोमन. पंगत आणि पतन यांची सांगड आपल्याला काही परकी नाही. दुसऱ्या बाजीरावाची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती याच साच्यात. आधी ऐषाराम, मग १८१८. लढाया, पैसा, करार हे सगळं मधल्या मध्ये गळून जातं.

राज्यांचा हा शब्द कवितेला लावला देझिरे निझार या फ्रेंच समीक्षकाने. १८३४ मध्ये त्याने उत्तरकालीन लॅटिन कवींवर लिहिलं. वर्णनांचा पूर, विद्वत्तेचं प्रदर्शन, आशय पातळ, अशी त्याची तक्रार. रोख मात्र आपल्याच काळातल्या रोमँटिक कवींवर होता, हे वाचणाऱ्यांना कळत होतं. पुढे १८५७ मध्ये फ्रेंच कवी बोदलेरच्या कवितासंग्रहावर खटला झाला आणि सहा कवितांवर बंदी आली. ती थेट १९४९ मध्ये उठली. बोदलेर वारल्यावर १८६८ च्या आवृत्तीला कवी गोतिएने प्रस्तावना लिहिली, आणि तिथे या शब्दाने कूस पालटली. गोतिएचं म्हणणं असं की उतारवयातल्या संस्कृतीला तशीच पिकलेली, सगळ्या कोशांतून शब्द आणि सगळ्या पॅलेटवरून रंग उचलणारी भाषा लागते. दूषणाचं भूषण झालं.

१८७० च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला होता. ‘आपण संपत चाललो’ हे बोलणं हवेतच होतं. १८८३ मध्ये कवी व्हर्लेनने एका सुनीतात ‘मी म्हणजे अखेरच्या घटका मोजणारं साम्राज्य’ अशी सुरुवात केली. पुढच्या वर्षी ह्यूसमान्सच्या कादंबरीतल्या नायकाने कासवाच्या पाठीवर रत्नं जडवली आणि ते बिचारं त्या भाराने मेलं. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये ‘ल देकादाँ’ नावाचं नियतकालिकच निघालं. कवी मोरेआसला मात्र हे नाव पटेना. त्याच वर्षी त्याने ‘प्रतीकवादी’ असा पर्याय पुढे केला. तोच टिकला.

लंडनमध्ये शेवट फार कडू झाला. एप्रिल १८९५ मध्ये डेकेडंट म्हणून गाजलेला लेखक ऑस्कर वाइल्ड याला समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा त्याच्या हातात पिवळं पुस्तक होतं अशी बातमी पसरली. ती बहुधा फ्रेंच कादंबरी असावी, पण लोकांनी ‘द यलो बुक’ या त्रैमासिकाच्या प्रकाशकाच्या काचा फोडल्या. बिअर्ड्सली या चित्रकाराची तिथली नोकरीही गेली, वाइल्डने त्या त्रैमासिकात कधी काही लिहिलं नसताना. वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली आणि इंग्लंडमध्ये हा शब्द मिरवण्याची हौस फिटली.

केकपर्यंत तो आला जाहिरातींमुळे, साधारण १९७० च्या सुमारास. जे खाऊ नये असं वाटतं आणि म्हणूनच खावंसं वाटतं, ते डेकेडंट. कुत्यूरच्या चित्रातली मेजवानी तेवढी उचलली, रोम तिथेच सोडलं.

भाषांतर करताना मी साम्राज्याला ऱ्हास, दाताला कीड आणि त्या कवींना डेकेडंटच ठेवते. केकला ‘चैनीचा’ म्हणून पाहिलं. मैत्रीण अजून ‘शिळा’च म्हणते, आणि दोन घास जास्त खाते.